काठमांडूची कुमारी: टिळा लावणारी आणि टिळा मागणारे

आवाज मागेपर्यंत येतोय ना? ठीक.

अनंत चतुर्दशी म्हटलं की आपल्याला दुसरं काही सुचतच नाही. ढोल-ताशे, विसर्जनाची मिरवणूक, पहाटेपर्यंत जागणारे रस्ते. त्याच तिथीला काठमांडूच्या जुन्या राजवाड्यासमोरून एक लाकडी रथ निघतो. तो दोरखंडांनी ओढतात. रथात एक मुलगी बसलेली असते. वय चार, सहा, फार तर अकरा. अंगावर लालभडक वस्त्रं, केस डोक्यावर घट्ट बांधलेले, काजळ डोळ्यांच्या बाहेर पार कानशिलापर्यंत ओढलेलं, आणि लाल कपाळावर रंगवलेला तिसरा डोळा. ती हसत नाही. हसायचं नसतंच. ही कुमारी. नेवारी भाषेत तिला 'द्यःमैजु' म्हणतात. आपल्याकडे 'देवीबाई' म्हटलं तर जो आदर आणि जी जवळीक येईल, साधारण तसं.

या रथाबरोबर दोन लहान रथ असतात. त्यात दोन मुलगे, एक गणेश आणि एक भैरव. म्हणजे आपण इकडे गणपतीला निरोप देत असतो तेव्हा तिकडे एक जिताजागता गणपती रथात बसून, बहुधा पेंगत, शहर फिरत असतो. असो.

मी आज तुम्हाला याच तिथीच्या एका दिवसापासून सुरुवात करून गोष्ट सांगणार आहे. २५ सप्टेंबर १७६८. काठमांडूत इंद्रजात्रा चालू आहे. जात्रा म्हणजे आपली जत्राच. शहर रस्त्यावर आलेलं, दारू पाण्यासारखी वाहतेय, आणि त्या संध्याकाळी गोरखा राज्याचा राजा पृथ्वीनारायण शाह याचं सैन्य शहरात शिरतं. काठमांडूचा राजा जयप्रकाश मल्ल पाटणला पळून जातो. आणि मग काय होतं? लूट? कत्तल? वंशावळी सांगतात, आणि काठमांडूचा माणूस आजही रंगवून सांगतो, की पृथ्वीनारायणानं जात्रा थांबवू दिली नाही. राजासाठी मांडलेल्या आसनावर तो जाऊन बसला आणि कुमारीचा प्रसाद त्यानं घेतला. झालं. राज्य बदललं.

या प्रसंगात पुढे थोडा मीठ-मसाला लागला असेल, तो धरून चला. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या वर्षापासून शाह घराण्याचे राजे दर इंद्रजात्रेला या मुलीसमोर येऊन वाकत राहिले. २००८ पर्यंत. तब्बल २४० वर्षं. ज्यानं तलवारीच्या जोरावर शहर घेतलं, त्याला एका लहान मुलीच्या बोटाचा टिळा कशाला हवा होता? कुमारीबद्दल बोलताना सगळे विचारतात की ती कोण, तिला कसं निवडतात, ती खरंच देवी आहे का. मला वाटतं इतिहासाच्या अभ्यासकानं आधी विचारावं की ती कोणाला हवी होती, आणि कशासाठी.

पण ती कोण, हे थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

काठमांडू खोऱ्याचे मूळचे रहिवासी नेवार. त्यांची भाषा तिबेटी-बर्मी कुळातली, नेपाळीशी नातं नसलेली. त्यांच्यात हिंदूही आहेत, बौद्धही आहेत, आणि बहुतेक घरांत दोन्हीकडचे देव आहेत. नेवार बौद्धांत शाक्य आणि वज्राचार्य हे दोन समाज वरचे मानले जातात. हे जुन्या विहारांतल्या भिक्षूंचे वंशज. कालांतरानं भिक्षू संसारी झाले, पण विहाराचं सदस्यत्व वंशपरंपरेनं चालू राहिलं. मुलगा काही दिवस डोकं भादरून भिक्षू होतो आणि मग घरी परत येतो. शाक्यांचा पारंपरिक व्यवसाय सोनारकाम आणि मूर्तिकाम. काठमांडूची राजकुमारी, म्हणजे राजाची कुमारी बरं का, राजाची मुलगी नव्हे, ती या शाक्य घरांतून निवडतात. पाटणची कुमारी वज्राचार्यांतून येते. भक्तपूरला आणखी वेगळी रीत.

आता गंमत बघा. मुलगी बौद्ध घरातली. तिच्यात येणारी देवी तळेजू, मल्ल राजांची कुलदेवता, दुर्गेचं रूप. निवडणाऱ्यांत तळेजूचा हिंदू पुजारी असतो, ज्योतिषी असतो, आणि वज्राचार्य पुरोहितही असतात. बौद्ध उपासक तिच्याकडे वज्रदेवी म्हणून बघतात. तिचं घर, म्हणजे बसंतपूरचं कुमारी घर, बांधलंय हिंदू राजानं, पण त्याची मांडणी बौद्ध विहाराची आहे: मधे चौक, चारही बाजूंनी विटांची तीन मजली इमारत आणि अप्रतिम कोरीव लाकडी खिडक्या. हिंदू कुठं संपतं आणि बौद्ध कुठं सुरू होतं, हा आपला प्रश्न आहे. तिथल्या माणसाला तो पडत नाही.

निवडीबद्दल बरंच काही ऐकलं असेल तुम्ही. बत्तीस लक्षणं, पापण्या गाईसारख्या, मान शंखासारखी वगैरे. अंगावर व्रण नको, रक्त वाहिलेलं नको, दात पडलेला नको. पूर्वी पत्रिका राजाच्या पत्रिकेशी जुळवत. ही पत्रिकेची गोष्ट लक्षात ठेवा, ती फार बोलकी आहे. आणि ती एक भयंकर कथा: मुलीला रात्री रेड्यांच्या कापलेल्या मुंडक्यांमध्ये एकटीला सोडतात, मुखवटे घातलेले पुरुष नाचतात, जी रडत नाही ती देवी. इंटरनेटवर हे शंभर ठिकाणी सापडेल. रश्मिला शाक्य, ज्या १९८४ ते १९९१ काठमांडूच्या कुमारी होत्या, त्यांनी पुढे स्वतः पुस्तक लिहिलं, आणि त्यात परीक्षेची ही सगळी भुताटकी त्यांनी साफ नाकारली. दसऱ्याच्या काळरात्रीला तळेजूकडे बळी दिले जातात आणि कुमारीला तिथं नेतात, हे खरं. त्या एका विधीची परदेशी प्रवाशांनी भयकथा केली. मला याचा राग येतो, कारण एका मुलीवर खरोखर काय ओढवतं ते या असल्या थरारात झाकलं जातं. त्याकडे येतेच.

कुमारिकेची पूजा मुळात नवी नाही आणि फक्त नेपाळची नाही. आपल्याकडेही नवरात्रात कुमारिका जेवायला बोलावतात, पाय धुतात, ओटी भरतात. बंगालात दुर्गापूजेत कुमारीपूजा होते. पण ती मुलगी संध्याकाळी घरी जाऊन खेळायला लागते. नेवारांतही असं दिवसभराचं पूजन आहेच. कोणे एके काळी त्यातूनच कायमच्या कुमारीची प्रथा वाढली असावी. तिथल्या वंशावळी अकराव्या शतकातल्या लक्ष्मीकामदेव राजाचं नाव घेतात: आजोबांना वैभव मिळालं ते कुमारीच्या कृपेनं, असं मानून त्यानं पाटणच्या एका विहारातल्या मुलीची पूजा केली म्हणे. या वंशावळी बऱ्याच नंतर लिहिल्या गेल्या, त्यामुळे शतकाचा आग्रह मी धरणार नाही. पण कथेचा सांगाडा लक्षात घ्या: राजा, विजय, आणि विहारातली मुलगी. तो पुढे सातशे वर्षं बदललेला नाही.

आता तळेजू. आणि हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे, कारण दर वेळी येतो: 'तळेजू म्हणजे आपली तुळजाभवानीच ना?' आधीच घेऊन टाकते.

बिहार आणि नेपाळच्या सीमेवर सिम्रौनगढ नावाचं ठिकाण आहे. तिथं १०९७ मध्ये नान्यदेवानं मिथिलेतलं कर्नाट घराणं स्थापन केलं. नावच कर्नाट. हे लोक दक्षिणेतून आले, कल्याणीच्या चालुक्यांच्या उत्तरेकडच्या मोहिमांबरोबर आले असावेत, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, तुळजापूरहून फार लांब नाही. याच घराण्याचा शेवटचा राजा हरिसिंहदेव. १३२४-२५ च्या सुमारास घियासुद्दीन तुघलकाच्या सैन्यानं सिम्रौनगढ घेतलं, आणि हरिसिंहदेव डोंगरांकडे पळाला. परंपरा सांगते की त्यानं तळेजूला बरोबर आणलं. प्रत्यक्षात तो खोऱ्यापर्यंत पोचलाच नाही, वाटेत वारला. पोचली त्याची राणी देवलदेवी, भक्तपूरला. पुढे तिच्या नातीचं, राजल्लदेवीचं, लग्न जयस्थिती मल्लाशी झालं आणि त्यांच्याच वंशजांनी खोऱ्यावर राज्य केलं. तेव्हा 'दक्षिणेकडची देवी, कर्नाट घराण्याबरोबर मिथिला, तिथून नेपाळ' ही साखळी जुळते खरी. नावातलं साम्यही कानाला पटतं. पण नावाच्या साम्यावरून देवीचा प्रवास सिद्ध करायचा तर मधल्या प्रत्येक कडीला लेख हवा, आणि इथं कड्या परंपरेच्या आहेत. म्हणून मी 'शक्यता' एवढाच शब्द वापरते. तुम्हाला 'आपलीच' म्हणायचा मोह होतो, मलाही होतो. तो आवरू या.

साम्य मला दिसतं ते वेगळ्याच जागी. भवानीनं शिवाजी महाराजांना तलवार दिली ही कथा आपल्याला पाठ आहे. राजा पराक्रमी आहेच, पण अधिकार देवीकडून आला, हे लोकांना ऐकायचं असतं. तळेजूही हेच करते. फरक एवढाच की आपल्या कथेत देवी एकदाच देते. काठमांडूत दर वर्षी मागायला जावं लागतं.

१४८२ मध्ये यक्ष मल्ल वारला, आणि पुढे खोऱ्याचे तुकडे झाले: काठमांडू, पाटण, भक्तपूर. पायी चालत काही तासांत तिन्ही राजधान्या पालथ्या घालाल एवढंसं खोरं, आणि त्यात भाऊबंदकीची तीन राज्यं. तिघांचं रक्त एक, कुलदेवता एक. मग माझा हक्क तुझ्यापेक्षा खरा हे सिद्ध कसं करायचं? प्रत्येकानं आपापल्या राजवाड्यात तळेजू बसवली, आणि प्रत्येकाची स्वतंत्र कुमारी. काठमांडूचं तळेजूचं मोठं देऊळ महेंद्र मल्लानं १५६४ मध्ये बांधलं. सामान्य माणसाला ते वर्षातून एकदाच, दसऱ्याच्या महानवमीला उघडतं. म्हणजे देवी राजवाड्यात, मंत्र राजाकडे, दार बंद. आणि कुमारी मात्र खिडकीत, रस्त्यावर, सगळ्यांना दिसणारी. राजसत्तेला दोन्ही लागतं, गुपितही आणि मिरवणूकही.

कुमारीची जी कथा सगळ्यात जास्त सांगितली जाते तीही इथलीच. राजा रात्री तळेजूबरोबर सारीपाट खेळायचा. देवी साक्षात यायची, पासे टाकायची, राज्यकारभाराचा सल्ला द्यायची. अट एकच, कुणाला कळता कामा नये. एका रात्री राणीनं चोरून पाहिलं, असं एक पाठभेद सांगतो. दुसरा सांगतो की राजाची नजर फिरली, देवीच्या रूपाची त्याला अभिलाषा झाली. देवी संतापून निघून गेली. पुष्कळ विनवण्या केल्यावर स्वप्नात येऊन म्हणाली, आता मला भेटायचं तर एका शाक्याच्या मुलीत शोध. राजा कोण? भक्तपूरवाले त्रैलोक्य मल्लाचं नाव घेतात, काठमांडूवाले जयप्रकाशाचं. दोघांच्यात दीडशे वर्षांचं अंतर! तिसरीही एक कथा आहे: एका शाक्य मुलीच्या अंगात देवी आली, राजानं तोतयेगिरी म्हणून तिला शहराबाहेर हाकललं, आणि त्याच रात्री राणीच्या अंगात संचार झाला. राजानं घाबरून मुलीला परत आणलं आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं.

या तिन्ही कथांत चूक कोणाची आहे, बघा. राजाची. त्याचा लोभ, त्याची वासना, त्याचा उद्दामपणा. देवीपर्यंत थेट जाण्याचा जो खास अधिकार राजाकडे होता, तो त्यानं घालवला, आणि तेव्हापासून त्याला सोनाराच्या मुलीच्या दारात उभं राहावं लागतं. ही कथा राजदरबारानं जपली असेल, पण ती रचली दरबारानं असं मला वाटत नाही. तिच्यात प्रजेचा आवाज आहे.

जयप्रकाश मल्लाला तर देवीची गरज जरा जास्तच होती. १७३६ ला गादीवर आला. सरदार फिरलेले, घरात फूट. १७४६ मध्ये त्याला हाकलून त्याच्या तान्ह्या मुलाच्या नावानं कारभार सुरू झाला. चार वर्षं राजा वणवण भटकला, गुह्येश्वरीच्या आसपास राहून देवीची उपासना करत होता असं सांगतात. १७५० ला गादी परत मिळाली, तीही डळमळीतच. पश्चिमेकडून पृथ्वीनारायण एकेक खिंड बंद करत खोऱ्याचा गळा आवळत होता. तिबेटचा व्यापार त्याच खिंडींतून चालायचा, म्हणजे पैसा आटला. सैन्याचा पगार द्यायला जयप्रकाशानं पशुपतिनाथाच्या देवळातलं द्रव्य उचललं. जिंकलो तर दुप्पट परत करीन असं म्हणाला म्हणे. आणि अशा ओढाताणीत, १७५७ मध्ये, त्यानं कुमारीसाठी ते देखणं घर बांधलं आणि इंद्रजात्रेत तिचा रथ काढायची प्रथा थाटामाटात चालू केली.

तिजोरीत खडखडाट असताना घर आणि रथ! वेडेपणा वाटतो. पण ज्याचे सरदार विकले गेलेत, ज्याचे भाऊबंद शत्रूला मिळालेत, त्यानं शेवटचा आधार शोधला तो शहराच्या माणसांत. शाक्य, ज्यापू शेतकरी, रथ ओढणारे, वाजवणारे, सगळ्यांना त्यानं एका दोरखंडाला बांधलं. अकरा वर्षांनी त्याच रथाच्या दिवशी शत्रू आत आला आणि त्यानंच उभारलेल्या सोहळ्यात आयता बसला. जयप्रकाश पुढच्या वर्षी भक्तपूरच्या लढाईत जखमी झाला आणि पशुपतीच्या घाटावर त्यानं प्राण सोडला. मला या माणसाबद्दल नेहमी वाईट वाटतं.

पृथ्वीनारायणाला काय मिळालं ते आता उघड आहे. तो नेवार नव्हता. भाषा वेगळी, लोक वेगळे. जिंकलेल्या शहराला तो स्वतःच्या तोंडानं 'मी तुमचा राजा' म्हणू शकत होता, पण ते शहरानं म्हणायला हवं होतं. कुमारीनं टिळा लावला म्हणजे शहरानं म्हटलं. पत्रिका राजाशी जुळवायची ती याचसाठी. राजा मेला, दुसरा आला, तर दोघांचं जुळतंय का बघायचं. तिच्या हालचालींतून शकुन काढायचे. १९५४ च्या इंद्रजात्रेत कुमारीनं त्रिभुवन राजाऐवजी युवराज महेंद्रला टिळा लावला, असं सांगतात. मार्च १९५५ मध्ये त्रिभुवन वारले. असल्या कथा घटनेनंतर ठाकठीक होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण लोक त्या सांगतात, म्हणजे राजाचं भवितव्य त्या मुलीच्या हातात बघायची सवय त्यांना होती.

आता त्या मुलीकडे येते.

ती कुमारी घरात राहते. आईबापांजवळ नाही, पिढ्यानपिढ्या कुमारीचा सांभाळ करणाऱ्या कुटुंबाजवळ. वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडते, तेही पाय जमिनीला न लावता. आणि पाळी येण्याच्या सुमारास, किंवा रक्त वाहणारी जखम झाली तर, देवी निघून जाते. उरते बारा वर्षांची मुलगी. रश्मिला शाक्यांनी लिहिलंय ते वाचताना माझ्या पोटात तुटलं, आणि त्यात रडगाणं कुठंच नाही. चौथ्या वर्षी गेल्या, बाराव्या वर्षी परत आल्या. गजबजलेल्या रस्त्यानं चालायची सवय नाही. देवीला शिकवायला कोण धजावणार, त्यामुळे शिक्षण नावापुरतं, आणि मग शाळेत त्या लहान मुलांच्या वर्गात बसल्या. त्यातून पुढे शिकून त्यांनी संगणक क्षेत्रात पदवी घेतली. वर पुन्हा ती समजूत, माजी कुमारीशी लग्न करणारा नवरा लवकर मरतो. कितीतरी माजी कुमारींचे संसार नीट चाललेत, तरी समजूत आहे ती आहेच.

पाटणच्या धनकुमारी वज्राचार्य यांची गोष्ट याहून विलक्षण. १९५४ मध्ये, जेमतेम दोन वर्षांच्या असताना त्या कुमारी झाल्या. त्यांना पाळी आलीच नाही. नियमाप्रमाणे देवी गेलीच नाही! तीस वर्षं त्या गादीवर होत्या. १९८४ मध्ये त्यांच्या जागी दुसरी मुलगी बसवली. पण त्यांनी ते मानलं नाही. घरातच, तेच वस्त्र, तोच तिसरा डोळा, तेच नियम. भक्तही येत राहिले. एप्रिल २०१५ चा भूकंप झाला तेव्हा घर हलायला लागलं आणि साठी ओलांडलेल्या या बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी रस्त्यावर आल्या. देवी कोण ठरवतं, पुरोहित, राजवाडा, शरीर, की ती स्वतः? त्यांच्यापुरतं उत्तर त्यांनी दिलं होतं.

२००५ मध्ये काठमांडूच्या एका वकील बाई, पुनदेवी महर्जन, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या स्वतः नेवार, हे महत्त्वाचं आहे. बाहेरचा कोणी सुधारक येऊन परंपरा मोडतोय असं म्हणायची सोय राहिली नाही. त्यांचं म्हणणं होतं की कुमारी हीही एक बालक आहे, आणि बालहक्कांचा करार नेपाळनं १९९० मध्येच मान्य केलाय. निकाल लागायला ऑगस्ट २००८ उजाडला. न्यायालयानं प्रथा बंद केली नाही. शिक्षण, आरोग्य, हिंडणं-फिरणं, आईवडिलांना भेटणं हे हक्क कुमारीलाही आहेत, आणि ते नाकारायला धर्मग्रंथाचा किंवा इतिहासाचा कसलाही आधार नाही, असं सांगितलं. आता कुमारीला शिकवायला शिक्षक येतात. पाटणच्या चनिरा वज्राचार्य कुमारी असतानाच शालान्त परीक्षा पास झाल्या.

आणि तारखा पाहा. २८ मे २००८ ला नेपाळची राजेशाही संपली. निकाल आला त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी. म्हणजे ज्या उन्हाळ्यात तिच्याकडे टिळा मागणारा राजा गेला, त्याच उन्हाळ्यात तिला शाळा मिळाली. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही, याचिका तीन वर्षं आधीची होती.

मग राजाच गेला, तर कुमारी कशाला, असं वाटलं असेल ना? २००७ च्या जात्रेत आधी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला राष्ट्रप्रमुख म्हणून टिळा घेऊन आले. राजे ज्ञानेंद्र नंतर वेगळे गेले. एक राजा आणि एक पंतप्रधान, दोघंही एकाच मुलीच्या दारात! राज्य कोणाचं हे त्या आठवड्यात सगळ्या देशानं तिथं पाहिलं. २००८ पासून राष्ट्रपती जातात. धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाचे राष्ट्रपती. त्याच सप्टेंबरात माओवादी सरकारचे अर्थमंत्री बाबुराम भट्टराई यांनी इंद्रजात्रेतल्या बळींचा सरकारी खर्च कापला. नेवार रस्त्यावर उतरले, टायर जाळले, शहर बंद पडलं, आणि सरकारनं माघार घेतली. कारण या सोहळ्यांना पैसा लागतो तो गुठींचा. गुठी म्हणजे देवस्थान आणि समाजकार्यासाठी लावून दिलेल्या जमिनी आणि त्या सांभाळणारी मंडळं. आपल्या देवस्थान इनामांसारखं काहीसं. यातल्या पुष्कळ जमिनी १९६४ मध्ये सरकारी गुठी संस्थानाकडे गेल्या. तेव्हा नेवारांचं म्हणणं सरळ होतं: जमीन आमची घेतलीत, मग खर्च उपकार म्हणून देता काय? २०१९ मध्ये सरकारनं नवं गुठी विधेयक आणलं तेव्हाही हजारोंनी मोर्चे निघाले आणि ते मागे घ्यावं लागलं. राजा गेल्यावर कळलं की रथ राजाचा नव्हताच. राजा नुसता समोर उभा असायचा.

मी पहिल्यांदा कुमारी घराच्या चौकात उभी राहिले तेव्हा वीस-पंचवीस पर्यटक होते. कॅमेरे बंद करायला सांगितलं, मग वरच्या खिडकीत ती आली. अर्धा मिनिटसुद्धा नसेल. खाली पाहिलं, आणि मला स्पष्ट दिसलं की ती कंटाळलेली होती. देवी असेल, पण कंटाळा सहा वर्षांच्या मुलीचा होता. मी हात जोडले. का जोडले ते मला सांगता येणार नाही.

अलीकडचं सांगते आणि थांबते, मग प्रश्न घेऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये, इंद्रजात्रेच्याच दिवसांत, काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं. ९ तारखेला संसद आणि सिंहदरबार जळाले, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. तीनच आठवड्यांनी, ३० सप्टेंबरला, दसऱ्याच्या दिवसांत ठरल्याप्रमाणे नवी कुमारी बसली. वय दोन वर्षं आठ महिने. वडिलांनी कडेवर घेऊन गल्लीतल्या घरापासून कुमारी घरापर्यंत तिला आणलं, लोक रांगा लावून पायाला कपाळ टेकवत होते. आधीची कुमारी, आता अकरा वर्षांची, त्याच दिवशी घराच्या मागच्या दारानं पालखीतून बाहेर पडली.

हं, प्रश्न. तुळजाभवानी सोडून कोणताही विचारा.